हसवणारीचं रडणं

कमरेखाली जलपरीची शेपटी असेल तर स्टेजवर फिरायचं कसं? बेट मिडलर सरळ व्हीलचेअरवर बसते. ‘डिव्हाइन मॅडनेस’मध्ये ती डेलोरेस डेलागो नावाची भडक गायिका होऊन अशी फिरते, सोबत कोरसवाल्या तिघी ‘हार्लेट्स’. मायकल रिचीने दिग्दर्शित केलेली ही कॉन्सर्ट फिल्म १९८० साली आली. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या सभागृहातला बेटचा शो तिच्यात आहे. कथा वगैरे काही नाही. एक बाई, तिची गाणी आणि तिचे चावट विनोद.

सगळ्यात चावट जोक ती सोफीच्या नावावर खपवते. सोफी टकर ही आधीच्या पिढीतली गायिका. तीही गाता गाता असंच बिनधास्त बोलायची.

आणि हीच बेट ‘स्टे विथ मी’ गाते. सोडून चाललेल्या माणसाला थांबवू पाहणारं गाणं. १९७९च्या ‘द रोझ’मध्येही तिने ते गायलं होतं. पण तिथे ती एका उद्ध्वस्त होत जाणाऱ्या रॉक गायिकेची भूमिका करत होती. इथे आधाराला भूमिका नाही. ज्यांना हसवलं, त्यांच्यासमोरच ती विनवते. कॅमेरा जवळ असल्यामुळे दिसतं, की चेहरा तोच आहे.

हे बघताना मला बाबांचं तेरावं आठवलं. सगळी भावंडं गप्प बसली होती. मी बाबांची नक्कल केली. रिमोट चालेनासा झाला की ते त्याला थोपटत म्हणायचे, “उठा साहेब!” सगळे खळखळून हसले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ऐकू आलं, “हिला काही वाटलेलं दिसत नाही.”

ती नक्कल हेच माझं रडणं होतं. घरातल्या विनोदी मुलीला दुःखही होऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्या दिवशी नातेवाइकांनी माझी फक्त एक क्लिप पाहिली.

म्हणून ही फिल्म तुकड्यातुकड्यांत बघू नका. रीलमध्ये जोक एकीकडे जातो, गाणं दुसरीकडे. दीड तास काढा, हेडफोन लावा आणि सलग बघा. हसून हसून पोट दुखत असतानाच कधीतरी घसा दाटून येईल. तेव्हा पॉज करू नका.