सात झाकणांचा माणूस

माणूस ओळखायच्या नाना तऱ्हा असतात. कोणी हात बघतो, कोणी पत्रिका बघतो, आमची आई दारातल्या चपला बघत असे. बँकेत वीस-बावीस वर्षं सह्या पडताळून माझा सहीवरचा विश्वास उडालेला असल्यामुळे मी आपला ग्लास बघतो.

माझं शास्त्र सोपं आहे. व्हिस्कीत भरपूर पाणी घालणारा माणूस म्हणजे बचत खातं. सोडा घालणारा म्हणजे चालू खातं. फेस फार, शिल्लक बेताची. बर्फावर बर्फ घालून एकच पेग रात्री दहापर्यंत पुरवणारा म्हणजे मुदत ठेव. नुसतीच घशाखाली घालणारा ओव्हरड्राफ्ट. आणि ‘मी घेत नाही बरं का’ म्हणत सगळे शेंगदाणे संपवणारा, ते सरकारी अनुदान.

ब्रँडवरूनही बरंच कळतं. ‘ऑफिसर्स चॉइस’ मागवणारा ऑफिसर मी अजून पाहिलेला नाही. तो हमखास क्लार्क असतो आणि प्रमोशनची परीक्षा दोनदा नापास झालेला असतो. (दोनदाच. मला नक्की माहीत आहे.) स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या काही व्हिस्क्यांना पीटच्या धुराचा वास असतो. एकदा चाखली, तर दवाखान्यात गुडघ्याला आयोडीन लावून घेतल्याचा भास झाला. ती ज्याला मनापासून आवडते, त्याच्याशी वाद घालू नये.

तुम्ही म्हणाल, हे सगळं थोतांड आहे. असेलही. स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरावी लागते आणि तिथल्या थंडीतही दरवर्षी दोनेक टक्के उडून जाते. तिला ते लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात, आम्ही टीडीएस म्हणतो. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की मात्र उसाच्या मळीच्या स्पिरिटवर बेतलेली. युरोपात तिला व्हिस्की म्हणायची परवानगीच नाही. तिथे धान्य लागतं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला मित्रांचा स्वभाव समजत होतो, तो कदाचित साखर कारखान्याचा असेल.

शिवाय आपल्या राज्यात आवडीनिवडीला कायद्याने जागाच नाही. 1949 सालच्या दारूबंदी कायद्याखाली प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो प्रकृतिस्वास्थ्यासाठी. कागदोपत्री अख्खा महाराष्ट्र औषध घेतो. औषधात कसला आलाय ब्रँड!

पण आमच्या पेणच्या मंडळात एक माणूस माझ्या शास्त्राचा मानबिंदू होता. आमचा कॅशियर. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसायचं, तर हा स्वतःचा ग्लास घरून आणायचा. पेग मापाने नाही, बाटलीच्या झाकणाने. सात झाकणं, आठवं नाही. पाणी माठातलं, फ्रिजचं चालत नाही, ‘चव गारठते’. बर्फाला तर तो भेसळ म्हणायचा. दुसऱ्या ब्रँडची बाटली दिसली की चेहरा असा, जणू कोणी फाटकी नोट सरकवली. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

गेल्या वैशाखात वहिनी गेल्या. तो रजा टाकून गागोदे बुद्रुकला, आपल्या जुन्या घरी जाऊन राहिला. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघं त्याला भेटायला निघालो, पिशवीत बाटली घेऊन. आता गागोदे म्हणजे विनोबांचं जन्मगाव. 1895 साली ते इथे जन्मले. ज्या माणसाने गावोगाव पायी हिंडून लोकांकडून जमिनी सोडवल्या, त्याच्या गावात आम्ही क्वार्टरसुद्धा न सोडता शिरत होतो. हेडक्लार्कने बाटली छत्रीत लपवली. पाऊस कोसळत होता, छत्री उघडता येईना. तिघंही चिंब होऊन पोचलो.

रात्री मागच्या पडवीत बसलो. गडबडीत आणलेला ब्रँड त्याचा नव्हता; आता बोलणी बसणार म्हणून मी तयारीत होतो. त्याने बाटलीकडे पाहिलंही नाही. समोरचा स्टीलचा पेला पुढे केला, हेडक्लार्कने ओतली तेवढी घेतली, वर गडूतलं पाणी पडलं तेवढं पडू दिलं. झाकण कुठेतरी घरंगळत गेलं. पुन्हा पेला पुढे आला. पुन्हा आला. आम्ही म्हटलं, ‘वा! सुधारला गडी!’ आणि हसलो.

परतीच्या एस.टी.त मला हसू येईना. गडकऱ्यांचा सुधाकर आठवला. कोर्टातल्या अपमानाने पोळलेल्या त्या माणसाने पहिला प्याला उचलला तेव्हा ‘कुठली आहे?’ असं काही विचारलं नव्हतं. चोखंदळपणा हा बऱ्या मनाचा खेळ आहे. माणूस ‘हीच पाहिजे’ म्हणून हटून बसतो तोवर त्याला उद्याची संध्याकाळ हवी असते. ‘काहीही चालेल’ म्हणायला लागला की घाबरावं. आमच्यासमोर एक कॅशियर मोजायचं विसरला होता आणि मी, ग्लास वाचणारा पंडित, टाळ्या देत होतो.

पुढच्या शनिवारी बाटलीशिवाय गेलो. मग त्याच्या पुढच्याही. पत्ते नेले, त्याच्या आवडीचे पोह्याचे पापड नेले. विनोबांच्या घरावरून पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचो. बोलायचा थोडंच. एकदा वहिनींबद्दल बोलला; आम्ही मध्ये तोंड घातलं नाही. त्याच्या बहिणीला सांगून ठेवलं, ती येऊन राहिली. डॉक्टरकडेही एकदा घेऊन गेलो.

नवरात्राच्या सुमारास गेलो तेव्हा चहा मी केला. त्याने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

‘आलं किती घातलंस रे? आणि आधण नीट येऊ द्यायचं असतं. ऊठ, ओतून टाक तो. दुसरा कर.’

बाहेर येऊन मी हेडक्लार्कला सांगितलं, ‘आता काळजी नाही.’

दुसरा चहाही त्याला आवडला नाही.