अंगणातलं ग्रहण

चंद्रग्रहण बघायला काहीच लागत नाही. सूर्यग्रहणाला खास चष्मा हवा आणि खग्रास बघायचं तर त्याच्या पट्ट्यात जाऊन उभं राहायला हवं. चंद्रग्रहण मात्र जिथे जिथे चंद्र वर आहे, तिथे सगळ्यांना एकाच वेळी दिसतं. जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्या मला याचं फार अप्रूप वाटतं. इथल्या माणसाला बहुतेक गोष्टींसाठी घाट उतरावा लागतो. मजुरीला, कॉलेजला, अवघड बाळंतपणाला. ग्रहण तेवढं आपणहून अंगणात येतं.

मला आठवणारं पहिलं ग्रहण १९८६च्या कोजागरीचं, १७ ऑक्टोबरचं. जव्हारच्या आमच्या घरी त्या रात्री दूध आटवलं गेलं नाही. रात्री अकराच्या सुमाराला स्पर्श होता, मग दूध चंद्राला दाखवायचं कधी? आजीने अंगणात परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं होतं. मुसळ उभं आहे तोवर ग्रहण, पडलं की सुटलं, ही तिची खूण. सपाट बुडाचं मुसळ एरवीही उभं राहतं. पण त्या रात्री मी आळीपाळीने मुसळाकडे आणि चंद्राकडे बघत जागा राहिलो, हे त्या मुसळाचंच देणं. मध्यरात्र उलटल्यावर चंद्र पूर्ण झाकला आणि पौर्णिमेच्या उजेडात बुडालेले तारे एकेक करून वर आले. पूर्वेला कृत्तिका दिसल्या. आजीने त्या बोट दाखवून मोजायला लावल्या.

१९९२ सालचं ग्रहण वेगळं होतं. त्या वर्षी वावर-वांगणीत कुपोषणातून झालेल्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. १० डिसेंबरच्या पहाटे पाचच्या सुमाराला मी चंद्र शोधत होतो आणि तो सापडत नव्हता. एरवी ग्रहणातला चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वळलेला सूर्याचा लाल उजेड त्याच्यापर्यंत पोचतो. त्या वेळी ती हवाच मळलेली होती. जून १९९१मध्ये फिलिपीन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने वर फेकलेले सूक्ष्म कण दीड वर्ष उलटूनही वातावरणात तरंगत होते. इतक्या दूरच्या डोंगराने जव्हारचा चंद्र काळा केला, हे नंतर वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

त्या वर्षापासून एक गोष्ट मला सहन होत नाही. गरोदर बाईला ग्रहणापायी उपाशी ठेवणं. जिथे आईच्या पोटात अन्न नाही म्हणून मुलं दगावतात, तिथे वेध पाळायचे कुणी आणि कशासाठी? सप्टेंबर १९९७च्या ग्रहणात वहिनी गरोदर होती. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी लागतात, म्हणजे दुपारपासूनच जेवण बंद. मी आईसमोर पंचांग उघडून ठेवलं. बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेधाचा काळ कमी धरावा, असं त्यातच लिहिलेलं असतं. आईने ते दोनदा वाचलं आणि वहिनीचं पान वाढलं. त्यानंतर मी कुणाशी वाद घालत नाही, पंचांगच पुढे करतो. वहिनीने त्या रात्री ग्रहण डोळे भरून पाहिलं.

जुलै २००० आणि जुलै २०१८ ही दोन्ही ग्रहणं एकाच मालिकेतली. मधे अठरा वर्षं, अकरा दिवस आणि काही तास. दोन्ही वेळा गुरुपौर्णिमा, दोन्ही वेळा खग्रास शंभर मिनिटांहून जास्त. आषाढातल्या आमच्या ढगांनी दोन्ही गिळली.

माझं मन रेंगाळतं ते १० डिसेंबर २०११वर. तेव्हा मी मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत शिकवत होतो. दिवाळीनंतर इथले पाडे रिकामे होतात. आईबाप वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं वसतिगृहात राहतात. त्या शनिवारी साडेसात ते साडेआठ चंद्र पूर्ण झाकलेला होता, म्हणजे बरोबर जेवणाची वेळ. मुलं ताटं घेऊन मैदानातच बसली. थंडी होती, आकाश स्वच्छ होतं, आणि पूर्वेच्या डोंगरावर चंद्र नाचणीच्या भाकरीच्या रंगाचा झाला होता. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, भट्टीवर पण दिसतं का हे?"

दिसतं, म्हटलं. असंच, आत्ताच. चंद्रावर जी सावली पडली आहे ती अख्ख्या पृथ्वीची, त्यात आपण आहोत आणि भट्टीही आहे. मग एकेक मूल आपल्या आईबापाच्या भट्टीचं गाव सांगू लागलं. भिवंडी, पडघा, वाडा, वसई. "तिथे पण?" "तिथे पण." प्रत्येकाला स्वतःच्या गावाचं वेगळं उत्तर हवं होतं आणि मी ते दिलं. शिकवण्याच्या माझ्या सगळ्या वर्षांत इतकं मन लावून विचारलेले प्रश्न मला फार थोडे आठवतात.

२०२३च्या कोजागरीला पुन्हा ग्रहण होतं, पण रात्री एकनंतर आणि अगदी जेमतेम, चंद्राची एक कड झाकणारं. सप्टेंबर २०२५च्या खग्रासाला जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. कुणी वसईहून, कुणी पुण्याहून. "सर, तुमच्याकडे ढग आहेत का?"

आता ३१ डिसेंबर २०२८. रात्री पावणेदहा ते अकरा खग्रास, चंद्र चांगला वर आलेला. भट्ट्यांचा हंगाम ऐन भरात असेल. आता भट्टीवरही एखाददुसरा मोबाइल असतोच. आश्रमशाळेतल्या सध्याच्या शिक्षकांना मी आत्ताच सांगून ठेवलंय, त्या रात्री मुलांना लवकर झोपवू नका आणि पालकांचे नंबर आधी जमवून ठेवा. दोन्हीकडून एकाच वेळी बघायचं आहे.