‘नॉर्मल’ रिपोर्ट

‘एमआरआय ब्रेन : नॉर्मल’ ही ओळ माझ्या धाकट्या बहिणीच्या फाइलीत वर्षानुवर्षं होती. फिट्स येतच होत्या, गोळ्या बदलत होत्या, आणि प्रत्येक नवा डॉक्टर ती ओळ वाचून पुढचं पान उलटत होता.

फिट आली की ती टक लावून बसते. मग तोंड चघळल्यासारखं हलतं, उजवा हात ओढणीशी चाळा करतो आणि डावा वाकडा होऊन ताठतो. जाणकाराचं लक्ष एवढ्यावरून उजव्या कानशिलाआतल्या मेंदूकडे जावं. स्कॅनच्या चिठ्ठीवर मात्र ‘फिट्स’ एवढंच लिहिलेलं.

नेहमीच्या एमआरआयत काप साधारण पाच मिलिमीटर जाडीचे असतात. कानशिलाआतल्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसलेला असेल तर तो त्यात निसटू शकतो. तो दिसायला एकेक मिलिमीटरचे काप आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीशी काटकोनात घेतलेली चित्रं लागतात. जर्मनीत बॉनला झालेल्या अभ्यासात (२००२) साधा एमआरआय नेहमीच्या डॉक्टरांनी वाचला तेव्हा ३९ टक्के रुग्णांत दोष सापडला. तोच एमआरआय अपस्मारातल्या जाणकारांनी वाचल्यावर ५० टक्के, आणि खास पद्धतीने काढल्यावर ९१! हे वाचून बहीण दोन दिवस कोणाशी बोलली नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्यावर मीही चिडलो होतो. पण चिठ्ठीवर एकच शब्द असेल तर त्याने तरी नेमकं कुठे बघायचं? चिठ्ठी लिहिणाऱ्याकडून हात-तोंडाचं वर्णन लिहून घ्याच, जमल्यास मोबाइलवर फिटचं शूटिंगही दाखवा.

मग खास पद्धतीने काढलेल्या नव्या एमआरआयत उजवा हिप्पोकॅम्पस बारीक दिसला. व्हिडिओ ईईजीत मात्र फिटच्या खुणा दोन्ही बाजूंना. म्हणून स्पेक्ट, म्हणजे फिटच्या वेळचा मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन, ठरला.

वॉर्डात तिच्या गोळ्या कमी केल्या. सलाइनच्या नळीशी, शिशाच्या आवरणातली सिरिंज घेऊन सिस्टर बसून. फिट सुरू झाली की काही सेकंदांत टेक्नेशियमयुक्त औषध आत जायला हवं. तेव्हा जिथे रक्तप्रवाह वाढलेला, तिथे ते अडकून राहतं आणि फोटो नंतर सावकाश काढता येतो. टेक्नेशियमचा जोर सहा तासांत निम्मा होतो. जी फिट येऊ नये म्हणून आईने नवस केले, तिचीच आई आता घड्याळ बघत वाट पाहत होती. पहिला दिवस कोरडा गेला. ‘‘आज कशी गं येत नाही मेली!’’ आई म्हणाली, आणि बहीण हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी आली. ठिपका उजवीकडेच उमटला. सर्जरीची तारीख मिळाली आहे. त्याआधी आणखी एक एमआरआय काढा, असं आईचं टुमणं चालू आहे.