विषयांतर

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ‘कोसला’ शिकवताना आम्ही दरवर्षी एक ठरलेले ट्युटोरियल देत असू : ‘कोसलातील एकाकीपणाचे स्वरूप’. उत्तरेही ठरलेलीच येत. अस्तित्ववाद, परात्मता, काम्यू, सार्त्र, मूल्यांची पडझड. हे शब्द आम्हीच वर्गात फळ्यावर लिहिलेले असत आणि तेच शब्द महिन्याभराने वह्यांतून आमच्याकडे परत येत. या देवघेवीलाच आम्ही अध्यापन समजत होतो.

काही वर्षांपूर्वी एका वहीत मात्र दोन पाने असे सगळे लिहून झाल्यावर शेवटच्या अर्ध्या पानावर वेगळेच काही होते. विद्यार्थी खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा. त्याने लिहिले होते की मेसमध्ये एकट्याने बसून जेवताना सगळे आपल्याकडे पाहतात असे वाटते, म्हणून तो ताट खोलीवर नेतो. पुढे पुढे ताट आणायला जाणेही नकोसे झाले. पांडुरंगाला निदान चिडता तरी येते, असेही एक वाक्य होते. आम्ही समासात लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि दहापैकी सहा गुण दिले.

दिवाळीनंतर तो वर्गात दिसेनासा झाला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आम्ही शिस्तीने फुल्या मारीत राहिलो. तो गावी परतला आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्यावर नैराश्याचे उपचार सुरू आहेत, हे फेब्रुवारीत त्याच्या एका वर्गमित्राकडून कळले.

त्यानंतर आम्ही आमच्या शास्त्राबाहेरचे वाचू लागलो. काहीसे अपराधीपणाने, हे कबूल केले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूंची चित्रे एमआरआयने वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून दिसले की मेंदूच्या पुढच्या भागातील ग्रे मॅटर वयात येण्याच्या सुमारास वाढून मग कमी होऊ लागते. पेशींमधल्या न वापरलेल्या जोडण्या गळतात, वापरातल्या पक्क्या होतात, असा त्याचा अर्थ बहुतेक संशोधक लावतात. भावनांशी संबंधित भाग लवकर जागे होतात. सबुरी, नियोजन आणि स्वतःकडे थोडे दुरून पाहणे ज्याच्या आधारे साधते, तो कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पंचविशी ही अर्थातच दगडावरची रेघ नव्हे. पण अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे पूर्ण झालेला माणूस, ही आमची समजूत मात्र टिकण्यासारखी नव्हती.

दुसरा एक प्रयोग आम्हाला अधिक लागला. पडद्यावर तिघे एकमेकांकडे चेंडू टाकतात. थोड्या वेळाने दोघे आपल्याकडे टाकणे बंद करतात. खेळ एवढाच. लंडनमधील संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे वगळले गेल्यावर किशोरवयीन मुलींची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांपेक्षा अधिक खालावली. ज्या वयात समवयस्कांची नजर हाच आरसा असतो, त्या वयात मेसच्या टेबलावरची रिकामी खुर्ची ही किरकोळ बाब राहत नाही. एकाकीपणा म्हणजे आजार नव्हे, आणि प्रत्येक एकाकी मुलाला नैराश्य येतेच असेही नाही. परंतु तो लांबला, झोप, भूक आणि अभ्यास गिळू लागला, तर त्याला ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

मग आम्ही ‘कोसला’ पुन्हा वाचली. 1963 साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, आणि सांगणारा पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा आहे. पुण्यातले वसतिगृह, उडणारे पैसे, वडिलांशी दुरावा, धाकट्या मनीचा देवीने झालेला मृत्यू, गावी परतणे. हे सगळे आम्ही इतकी वर्षे ‘आधुनिक मानवाची अवस्था’ या उंच फळीवर ठेवून दिले होते, जिथे कुणाचाही हात पोचणार नाही. पांडुरंगाला रोगनिदान चिकटवावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कादंबरी म्हणजे केसपेपर नव्हे. पण एकाकीपणाला तत्त्वज्ञानाची शाल पांघरून तो भूषणावह करून टाकणे, हीदेखील समीक्षेची चूकच आहे. समोरच्या बाकावरच्या मुलाला त्यामुळे वाटते की आपले दुःख एक तर थोर असावे, नाही तर ते विषयांतर असावे.

दीड वर्षाने तो दाखल्यासाठी कचेरीत आला होता. चेहरा भरलेला, बोलणे संथ. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होत होती. आम्ही त्याला चहाला नेले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्यावर तो म्हणाला, “सर, तेवढंच मी माझं लिहिलं होतं. बाकीचं तुमचंच होतं.” स्वरात तक्रार नव्हती. आम्हाला उत्तर सुचले नाही. “चूक झाली रे,” एवढेच म्हणालो. त्याने मान हलवली आणि चहाचे पैसे द्यायला उठला; ते आम्ही देऊ दिले नाहीत.

आम्ही डॉक्टर नाही, आणि समुपदेशक होण्याचा आव आणणे धोक्याचे आहे, हेही आम्हाला कळते. 2022 साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक आता वर्गाच्या दारामागे लावला आहे. सलग तीन दिवस कुणी दिसले नाही की फुली मारण्याआधी आम्ही शेजारच्या मुलाला विचारतो. ट्युटोरियल अजूनही तेच देतो. वह्या तपासताना मात्र आता शेवटचे पान आधी उघडतो.