आधी शेजारी कोण ते सांगा

रिपीटर लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती वॅटचा घेऊ?’ म्हैसूरच्या हिनकलला माझ्या टेबलाशी येऊन बसणारेही तेच विचारतात. मी उलट विचारतो, ‘टेकडी कुठली? शेजारी कोण?’ शेजारी म्हणजे तिथले बाकीचे ट्रान्समीटर.

1935 साली प्रा. गोपालस्वामींनी याच म्हैसुरात राहत्या घरातून ‘आकाशवाणी’ सुरू केली. त्या यंत्राला नुसतं बोलायचं होतं. रिपीटरला बोलता बोलताच ऐकायचं असतं. एकाच अँटेनातून 50 वॅट बाहेर पडताहेत, त्याच केबलने मायक्रोव्होल्टचा पाचवा हिस्सा आत येतोय, आणि हॅमच्या दोन मीटर पट्ट्यात दोघांत अंतर 600 किलोहर्ट्झ. आडोसा 80-90 डेसिबलचा तरी हवा. तो देतो डुप्लेक्सर, म्हणजे ट्यून केलेल्या डब्यांचा, कॅव्हिटींचा संच.

परवा एका पोराने चपटा मोबाइल डुप्लेक्सर दाखवला. ‘काका, निम्म्या किमतीत मिळतोय. हे हातभर डबे कशाला?’ अरे, तो 5 मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी बनलाय. इथे पाव तरंगलांबीच 52 सेंटिमीटर. डबा आखूड केला की क्यू, म्हणजे फ्रिक्वेन्सी निवडायची धार, घसरलाच.

डबा घेताना चांदीचा मुलामा मी नंतर बघतो, आधी आतला दांडा. तापमान 20 अंशांनी चढलं की पितळी दांडा नॉच, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारा खड्डा, 55 किलोहर्ट्झ खाली ओढतो, इन्व्हारचा जेमतेम तीन-चार. म्हैसूरची हवा गोड खरी, पण टॉवरखालच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी जाऊन बघा!

नुसता नॉच डुप्लेक्सर आपल्या दोन फ्रिक्वेन्सींपुरताच शहाणा. शेजारी एफएम केंद्र असेल तर बँडपास-नॉच कॅव्हिटीच घ्याव्यात, वर रिसीव्हरच्या तोंडाशी एक जादा बँडपास. डुप्लेक्सरमध्ये दीड डेसिबल गेला की 50 चे 35 वॅट उरतात, आणि लोक हळहळतात. मला त्याचं काही वाटत नाही. समोरच्याच्या हातातला सेट 5 वॅटचा. आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचतोच, त्याचा आपल्यापर्यंत पोचायला हवा.

बसवून झालं की जेमतेम कळेल असा सिग्नल रिसीव्हरला द्यायचा आणि ट्रान्समीटर चालू-बंद करायचा. खरखर वाढली की जो तो ट्यूनिंगच्या दांड्याला हात घालतो. तो आवरावा. आधी केबल बघा. एकेरी जाळीची असेल तर दुहेरी जाळीची आरजी-214 घाला. डमी लोडवर सगळं स्वच्छ, अँटेना जोडताच खरखर, असं असेल तर डब्यांना बोल लावू नका. टॉवरवर कुठेतरी गंजका बोल्ट नाहीतर ढिला कनेक्टर आहे. पाना घ्यायचा आणि वर चढायचं.