टिकल्यांची लक्ष्मी

कुंभकोणमच्या रामस्वामी देवळात प्रदक्षिणा घालू लागलं की भिंतीवरून रामकथा आपल्या सोबतीला येते. आपण चालतो तसतसा भिंतीवरचा रामही पुढे निघतो, मिथिलेला, वनात, समुद्रापार. मी तिथून बाहेर पडलो तेव्हा डोळ्यांत रंगच होते. पितळी समयांच्या, घंटांच्या दुकानांवरून जाताना एका भिंतीवर तंजावरी चित्र दिसलं. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर ताणून चिकटवलेलं कापड, लुकणाने उठाव दिलेले दागिने, त्यांवर सोन्याचा वर्ख आणि लाल-हिरवे काचेचे खडे. मध्ये लोण्याचा गोळा घेतलेला गुटगुटीत बाळकृष्ण. त्या खड्यांवर ऊन पडलं आणि मला एकदम आमच्या देवघरातली लक्ष्मी आठवली.

आमची लक्ष्मी छापील होती. कमळावर उभी, चार हात, मागे पाणी, सोंडेत हार धरलेला हत्ती. रविवर्म्याची तसबीर. पण आजीने जुन्या शालूचा काठ उसवून त्याची जर तिच्या पदराला लावली होती, काठावर एकेक टिकली डिंकाने बसवली होती, गळ्यात बारीक मणी चिकटवले होते. मग वर काच. घरात तिला सगळे ‘आजीची लक्ष्मी’च म्हणत.

या लक्ष्मीच्या वाटेत कुंभकोणम येतं. व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापली आणि त्यांच्या मागोमाग मराठी घरं कावेरीकाठी रुजली. तशाच एका घरात, १८२८ साली, याच गावात माधवरावांचा जन्म झाला. पुढे ते सर टी. माधवराव म्हणून त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. नावातला ‘टी’ तंजावरचा.

ते त्रावणकोरचे दिवाण असतानाच, १८६२ मध्ये, चौदा वर्षांचा रविवर्मा मामाचं बोट धरून तिरुवनंतपुरमच्या दरबारात आला. किलिमानूरच्या वाड्यातून येताना त्याने काय काय बरोबर आणलं होतं! आई उमयंबा स्वतः कविता करणारी, वडील संस्कृतचे पंडित. पुराणातल्या बायका त्याला पोथीत भेटण्याआधी घरातल्या बोलण्यात, कथकलीच्या रात्रींत भेटल्या असतील. आणि त्याच्या हातात पहिल्यांदा रंग देणारा मामा, राजराजवर्मा, चित्रं काढायचा ती तंजावरी पद्धतीने. पुढे रविवर्म्याने तैलरंग आपलेसे केले, पण दमयंती असो की शकुंतला, तिचा दागिना रंगवताना त्याचा हात रेंगाळतो. सोन्याचा वर्ख सुटला, सोन्यावरची माया सुटली नाही. आपल्या लेकीला त्याने १८९३ च्या एका चित्रात रंगवलं ते केरळी मुंडूत, कडेवर मूल घेऊन, बाबा येताहेत म्हणून वाटेकडे बोट करताना. देवींना मात्र त्याने साडी नेसवली. देशभर फिरताना डोळ्यांत भरलेला हिंदुस्थान त्याने त्यांना दिला.

बडोद्याच्या राजवाड्यासाठी रविवर्म्याने पुराणातले चौदा प्रसंग रंगवले. पण राजवाड्यातलं चित्र कितीजण बघणार? ही खंत माधवरावांना आधीपासून होती. त्यांनी चित्रकाराला लिहून कळवलं की तुमच्या चित्रांना मागणी इतकी आहे की दोन हात पुरे पडणार नाहीत; काही चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, ती देशाचीही सेवा होईल. रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखानाच काढला, मुंबईत, गिरगावात. यंत्रं जर्मनीची. पहिली तसबीर शकुंतलाजन्माची. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण तो चालता झालेला बघायला माधवराव नव्हते. १८९१ मध्येच ते गेले.

त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. दगडावर चित्र उलटं उतरवायचं, मग तोच कागद एकेका दगडावर नेमका बसवायचा. केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर जायचे. किलिमानूरच्या एका मुलाचं बालपण असं दगडादगडावरून उमटत आमच्या देवघरापर्यंत आलं.

आणि आजीने काय केलं? तिने त्या गुळगुळीत कागदाला पुन्हा जर दिली, मणी दिले. तंजावर तिने पाहिलं नव्हतं, फणसाच्या फळीची गोष्ट तिच्या कानावर नव्हती. तरी मामाच्या चित्रातलं जे भाच्याने मागे ठेवलं होतं, ते तिने आपल्या शालूतून काढून तिथेच नेऊन बसवलं. देवाला नटवायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. वारसा म्हणजे काय, हे मला त्या दुकानासमोर उमगलं. तो जसाच्या तसा हातात येत नाही. मिळालेल्यावर आपल्या हाताने काही चिकटवावं लागतं, तेव्हा तो आपला होतो.

परत आल्यावर तसबीर खाली काढली, काच पुसली. पदराजवळची एक टिकली निसटून काचेच्या तळाशी पडली होती. ती होती तिथला कागद मात्र उन्हाने विटलेला नव्हता. टिकलीएवढा एक गोल, गडद लाल, छापखान्यातून कालच आल्यासारखा. मी डिंक भिजत घातला.