दिवेलागणीनंतर

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार
घटस्थापना. सासूबाईंनी सकाळीच नंदादीप लावला. रात्री निजानीज झाल्यावर हॉलची ट्यूब बंद केली आणि मी तशीच बसून राहिले. एवढ्याशा ज्योतीत भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या, खोली माणसांची वाटली. एरवी ऑफिसात पांढरा उजेड, लोकलच्या डब्यात पांढरा, बदलापूरला उतरून घरी आलं की डोक्यावर पुन्हा तोच. दिवस संपलाय हे अंगाला कळावं तरी कुठून? दिवाळीच्या आत घरातली संध्याकाळ बदलायची, हे आज मनाशी पक्कं केलं.

९ ऑक्टोबर, बुधवार
गाडीत बसायला मिळालं, त्यामुळे वाचन झालं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा पिवळा लेप थोडा निळा प्रकाश पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत, की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही, दिवस आहे की रात्र हे मेंदूला सांगणं आहे. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. तो भरपूर मिळत राहिला की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. म्हणजे नुसता पिवळा बल्ब लावून भागणार नाही, उजेडही कमी करायला हवा.

१३ ऑक्टोबर, रविवार
दसरा झाला, आज उल्हासनगर. दुकानात सगळेच दिवे एकदम पेटलेले, त्यात एकाचाही अंदाज येईना. दुकानदार मोठे समजूतदार. त्यांनी बाकीचे बंद केले आणि एकेका दिव्याखाली मला हात धरायला सांगितला. ६५०० केल्विन रंगछटेच्या दिव्याखाली हात निळसर, आजारी दिसला. ४००० ला बरा. ३००० खाली तो माझा हात वाटला. खोक्यावरचा आणखी एक आकडा त्यांनी दाखवला, सीआरआय. तो ९० च्या पुढे असला तर हळदीचा, भाजीचा, माणसाच्या चेहऱ्याचा रंग खरा दिसतो. ‘‘ताई, घरी रात्री लावून बघा, नाही पटलं तर बदलून देतो.’’ भिंतीवरचे दोन दिवे आणि पाच वॉटचे बल्ब घेतले.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी
गच्चीवरचे दिवे घालवून दूध आटवलं. सासूबाईंना कराडकडचं माहेर आठवलं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, रोज संध्याकाळी राखेनं काच लख्ख करायची त्यांची पाळी. ‘‘कंदील एकच, मग सगळी त्याच्याभोवती. आता खोलीभर उजेड नि प्रत्येक जण वेगळ्या कोपऱ्यात.’’ त्या धुराची आणि रॉकेलच्या वासाची मला मुळीच ओढ नाही. पण कंदील खाली असायचा, बसलेल्या माणसाच्या उंचीला, हे मात्र मनात राहिलं.

२० ऑक्टोबर, रविवार
अंबरनाथच्या शिवमंदिरात. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा, शिलाहारांचा शिलालेख इथे आहे. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभारा. वरचं शिखर अपुरं, त्यामुळे आकाशाचा उजेड थेट पिंडीपाशी येतो. पण मी रेंगाळले ती बाहेर. मंदिर पश्चिमाभिमुख. दुपारी सपाट वाटणारी शिल्पं कलत्या उन्हात एकेक करून उठून आली: बोटं, दागिने, कमरेचा बाक. उजेड बाजूनं आला की वस्तूला आकार येतो. छताची ट्यूब नेमकी तो आकार पुसते आणि माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पाडते.

२६ ऑक्टोबर, शनिवार
वायरमन आले. दोन्ही दिवे सोफ्याच्या बाजूंना, बसल्यावर बल्ब डोळ्यात येणार नाही असे, झोत भिंतीवर. आमच्या भिंती फिक्या आहेत, त्या उजेड परतवतात. गडद रंग असता तर हेच दिवे अपुरे पडले असते. स्वयंपाकघराला हात लावला नाही, विळीवर बोटं नीट दिसायलाच हवीत. सासूबाईंच्या खुर्चीमागे वेगळा, चांगला प्रखर दिवा. उतारवयात डोळ्यांचं भिंग पिवळं, धूसर होतं. आपल्या आरामासाठी त्यांना मिणमिणत्या उजेडात पोथी वाचायला लावणं हा अन्याय आहे. लेकीच्या टेबलावरही तिचा स्वतंत्र दिवा. बाथरूमच्या वाटेवर, जमिनीलगत, माणूस आला की लागणारा लहानसा दिवा.

ट्यूब काढू का, असं वायरमननी विचारलं. नको म्हटलं. केर काढायला, हरवलेलं शोधायला ती लागतेच. फक्त बटणांची अदलाबदल करून घेतली: दाराशी हात जातो ते पहिलं बटण आता भिंतीवरच्या दिव्यांचं.